साठा गुप्त राहू द्या, धोक्याची हद्द सांगा

कामरगावच्या बाजारात दिवाळीसाठी फटाक्यांचे तात्पुरते दुकान लावायचे म्हटले, तरी सरकार दारात उभे राहते. शेड न जळणाऱ्या साहित्याचे हवे. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर मोकळी जागा हवी. घर, शाळा अशा कोणत्याही संरक्षित बांधकामापासून ५० मीटर अंतर हवे. दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत. २००८च्या स्फोटक नियमांत हे सगळे लिहिलेले आहे. शेतातल्या विहिरीचा खडक फोडायला सुरुंग लावणाराही परवान्याशिवाय कांडी हातात घेऊ शकत नाही. या सगळ्या व्यवस्थेची देशपातळीवरची संस्था म्हणजे ‘पेसो’, अर्थात पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय आपल्याच विदर्भात, नागपूरला आहे.

कामरगावाहून पूर्वेकडे निघून अमरावती जिल्हा ओलांडला आणि वर्धा नदी पार केली, की पुलगाव लागते. तिथे लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे, देशातला सर्वांत मोठा. नागपूरच्या पेसोचा परवाना तिथे चालत नाही, कारण तो लागतच नाही. १८८४च्या स्फोटके कायद्याच्या कलम १४ने सैन्यदले आणि त्यांचे कारखाने त्या कायद्यातून जवळजवळ पूर्ण वगळले आहेत. अपघाताची खबर देणे आणि चौकशी करणे एवढीच कलमे त्यांना लागू राहतात. त्यातही जागा सैन्याच्या ताब्यात असेल, तर चौकशी सैन्याचेच अधिकारी करतात.

लष्कराला दिवाळीच्या दुकानदाराचे नियम लावा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. कोणत्या शेडमध्ये कोणते बॉम्बगोळे आहेत आणि किती दिवस लढाई चालेल एवढा साठा आहे, हे शत्रूला कळता कामा नये. प्रश्न वेगळा आहे. कुंपणाच्या आत काय आहे ते गुप्त, हे मान्य. पण ते फुटले तर कुंपणाबाहेर किती लांबपर्यंत माणसे मरतील, हेही गुप्त ठेवायचे का? आतले रसायन पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते का, हेही गुप्त ठेवायचे का? जगभरातल्या न्यायालयांनी आणि सरकारांनी या दोन गोष्टींची गल्लत वारंवार केली आहे आणि तिची किंमत गावांनी मोजली आहे.

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटून गेल्यावर पुलगावच्या डेपोतल्या रणगाडाविरोधी सुरुंगांच्या एका शेडला आग लागली आणि स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह किमान १६ जण गेले. त्यांत बहुतेक डेपोच्या अग्निशमन दलातली माणसे होती. आग विझवायला ती आत गेली आणि बाहेर आली नाहीत. आगरगाव, नागझरी या शेजारच्या गावांतले लोक अंधारात घरे सोडून निघाले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला आले. सुरुंगांमधून टीएनटी पाझरत असल्याचे नंतर पुढे आले. असे पाझरलेले टीएनटी उष्णतेला आणि घर्षणाला अधिक हळवे होते, आणि मे महिन्यातल्या वर्धा जिल्ह्याची उष्णता आपल्याला कोणी सांगायला नको.

त्या रात्री त्या गावांतल्या माणसाला काय माहीत असायला हवे होते? सुरुंगांचा प्रकार, संख्या, शेडचा क्रमांक यांतले काहीही नाही. कोणत्या दिशेला पळायचे, किती लांब गेले की जीव वाचतो, भोंगा वाजला तर त्याचा अर्थ काय, आजाऱ्याला आणि गुराढोरांना कुठे न्यायचे, एवढेच माहीत असायला हवे होते. यातला एक शब्दही शत्रूच्या कामाचा नाही.

हा वाद कायद्याच्या पुस्तकात सर्वांत स्पष्टपणे आला तो हवाईमध्ये. ओआहू बेटावर पर्ल हार्बरचा वेस्ट लॉक नावाचा भाग आहे. तिथे अमेरिकी नौदलाने दारूगोळ्यासाठी ४८ कोठारे बांधायला घेतली. अमेरिकेच्या १९६९च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याप्रमाणे पर्यावरणावर मोठा परिणाम करणाऱ्या प्रत्येक सरकारी कामाचा सविस्तर परिणाम अहवाल करावा लागतो. नौदलाने आधी छोटे मूल्यांकन केले, परिणाम विशेष नाही असे ठरवले आणि मोठा अहवाल केलाच नाही. ही कोठारे अण्वस्त्रे ठेवता येतील अशा पद्धतीची होती. तिथे अण्वस्त्रे आहेत की नाहीत, यावर नौदलाचे ठरलेले धोरण होते, ‘हो’ही म्हणायचे नाही आणि ‘नाही’ही म्हणायचे नाही. कॅथलिक अ‍ॅक्शन ऑफ हवाई ही संघटना न्यायालयात गेली. अपील न्यायालयाने मधली वाट काढली. तिथे अण्वस्त्रे आहेत असे न म्हणता, ती ठेवली तर काय होईल याचा एक काल्पनिक अहवाल करा, असे त्याने नौदलाला सांगितले.

सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर १९८१ रोजी हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांच्या निकालाचे तर्कशास्त्र असे होते. कोठारे अण्वस्त्रे ठेवण्याजोगी आहेत म्हणजे नौदलाचा तसा प्रस्ताव आहे, असे होत नाही. अहवाल लागतो तो प्रस्तावासाठी. प्रस्ताव आहे की नाही हे गुप्त आहे, त्यामुळे तो आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून नौदलाने कायदा पाळला की नाही, हे या खटल्यात न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे.

या निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या फार कामाची आहे. न्यायालयाने म्हटले की पर्यावरण कायद्याचे हेतू दोन आहेत. निर्णय घेणाऱ्याने परिणामांचा विचार करावा हा एक, आणि लोकांना ते कळावे हा दुसरा. गुप्ततेमुळे दुसरा हेतू पूर्ण करता येत नसेल, तर पहिला आपोआप रद्द होत नाही. अहवाल प्रसिद्ध करता येत नाही, पण तो करावा तर लागतोच, आतल्या आत का होईना. माझ्या मते या निकालाचा हा भाग योग्य आहे आणि उरलेला कच्चा. कारण आतल्या आत केलेला अहवाल खरोखर झाला की नाही, हे तपासायला बाहेरचे कोणीच नसेल, तर तो करण्याची सक्ती कागदावरच राहते.

याच वेस्ट लॉकमध्ये २१ मे १९४४ रोजी दारूगोळा भरत असताना स्फोट झाला होता. १६३ जण मेले, सहा जहाजे बुडाली. त्या घटनेवर पडदा टाकला गेला आणि कितीतरी वर्षे ती लोकांपासून दडवली गेली.

त्याच्या सव्वा महिना आधी मुंबईत काय झाले, ते आपल्या घराघरात ऐकून माहीत असते. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके. त्यांच्या जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, वंगणतेल, लाकूड आणि सोन्याच्या विटा. कापूस आतून धुमसतो आणि बराच वेळ बाहेर दिसत नाही, हे आपल्या कापूसपट्ट्यातल्या कोणत्याही जिनिंगवाल्याला विचारा. दुपारी जहाजाच्या दोन क्रमांकाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला. बंब आले, नळ लागले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आठशेपासून तेराशेपर्यंत माणसे मेल्याचे अंदाज आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्या आठवणीत.

स्फोटके असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा, असा जुना रिवाज होता. फोर्ट स्टिकिनवर तो नव्हता. लाल बावटा म्हणजे शत्रूच्या विमानाला आयती खूण, असे युद्धकाळातले कारण होते. कारण खोटे नव्हते. पण शेजारी उभ्या असलेल्या जहाजांना, गोदीतल्या हमालांना, पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीवानाला आपण कशाशेजारी उभे आहोत हे कळले नाही, तेही याच कारणाने. स्फोटानंतर बातम्यांवर सेन्सॉरची बंदी आली. बाहेरच्या जगाला ही बातमी पहिल्यांदा कळली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून, दुसऱ्याच दिवशी. आपल्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली मे महिन्यात. शत्रूला दुसऱ्या दिवशी कळले आणि मुंबईकराला महिन्याने.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. १४ सप्टेंबर २००६ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचना म्हणजे या देशातल्या जनसुनावणीचा पाया. खाण असो, सिमेंट कारखाना असो वा औष्णिक वीजप्रकल्प, आधी अहवाल होतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत दिला जातो. ३० दिवसांची नोटीस निघते आणि प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ सुनावणी होते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, चित्रीकरण होते. वाशीमपासून चंद्रपूरपर्यंत अशा सुनावण्या आपण पाहिल्या आहेत. कधी त्या नावापुरत्या होतात, तरी तिथे उठून बोलायचा हक्क तर असतो. या अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षण, सुरक्षा किंवा केंद्र सरकार ठरवेल अशा ‘सामरिक’ बाबींशी संबंधित प्रकल्पांना लोकांशी सल्लामसलतीतून सूट आहे.

ही सूट नीट वाचली पाहिजे. ती सल्लामसलतीतून आहे, मूल्यांकनातून नाही. हवाईच्या निकालात सांगितलेला पहिला हेतू आपल्याकडेही शिल्लक आहे. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानेही सरकारी खात्यांना मोकळे सोडलेले नाही. खात्याकडून कायद्याचे उल्लंघन झाले तर खातेप्रमुखाला जबाबदार धरण्याची तरतूद कलम १७मध्ये आहे.

२०२०मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात अशा सामरिक प्रकल्पांची कोणतीही माहिती सार्वजनिक करू नये, असे वाक्य घातले होते. प्रकल्प संरक्षणाचा असो की नुसता सामरिक ठरवलेला, कोणतीही माहिती नाही. मसुदा इंग्रजी-हिंदीतच का, असा प्रश्न उठला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतरित करायला सांगितले. देशभरातून लाखो हरकती गेल्या. त्या मसुद्यातले ते वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यात शस्त्र आणि धोका यांतली रेघ पुसून टाकलेली आहे.

ती रेघ कुठे असते, हे समजायला थोडे गणित लागते. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. म्हणून सुरक्षित अंतर हे स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. एकदम सगळा साठा फुटू शकतो अशा मालासाठी वस्तीचे अंतर काढायचे एक सूत्र जगभर वापरात आहे. स्फोटकाच्या किलोतल्या वजनाचे घनमूळ घ्यायचे आणि २२.२ने गुणायचे, की अंतर मीटरमध्ये मिळते. एक टन असेल तर २२२ मीटर. आठ टन असेल तर ४४४ मीटर. ६४ टनांना ८८८ मीटर. साठा ६४ पट झाला तरी अंतर चौपटच होते. तुकडे उडण्याचा धोका धरून किमान अंतरे वेगळी ठरवतात. आपल्याकडे संरक्षण खात्याची स्फोटके साठवण व वाहतूक समिती, म्हणजे ‘स्टेक’, अशा अंतरांचे नियम करते. आणि या अंतरावरचे घर पूर्ण सुरक्षित असते असेही नाही. ते कोसळू नये, एवढीच अपेक्षा. काचा फुटतात, टिनपत्रे उडतात, एखादा तुकडा अंगणात येऊ शकतो.

अंतर सांगितले तर शत्रू उलटे गणित करून साठा काढील, अशी शंका घेतात. ती खरी ठरत नाही. अंतर ठरते ते कोठाराच्या कमाल क्षमतेवर, त्या दिवशी आत काय आहे त्यावर नाही. शेड किती आणि केवढी आहेत, हे उपग्रहाला आकाशातून दिसतेच. ज्याला ते दिसत नाही तो शेजारच्या शिवारात तुरीला डवरणी करणारा माणूस.

गंमत म्हणजे आपल्याच देशात याचे उत्तर १९०३ सालापासून कायद्यात आहे. संरक्षण बांधकाम कायदा हा इंग्रजांनी केलेला. लष्करी जागेभोवतीच्या जमिनीवर बांधकामाची बंधने घालायची, तर सरकारने राजपत्रात घोषणा करायची. कोणती जमीन, कोणता जिल्हा, आणि नकाशा कुठे पाहायला मिळेल, हे त्या घोषणेत लिहायचे. नकाशाचे प्रमाण मैलाला सहा इंचांपेक्षा लहान नसावे. कलेक्टरने त्या भागात सोयीच्या ठिकाणी लोकांना नोटीस द्यावी. बंधनांचे टप्पे २,०००, १,००० आणि ५०० यार्डांचे, आणि नुकसानीची भरपाई द्यावी. पारतंत्र्यातल्या सरकारनेही हद्द गुप्त ठेवली नव्हती, चावडीवर लावली होती. ज्या गावाची जमीन अडकते त्याला हद्द दाखवावीच लागते, हे त्याला कळत होते.

हद्द वेळेवर दाखवली नाही तर काय होते, याचे उदाहरण कोकणात आहे. उरणजवळ कारंजा इथे (आपल्या कारंजा लाडशी नावापुरतेच नाते) नौदलाचे शस्त्रास्त्र भांडार आहे. त्याच्याभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यात हजारो घरे उभी राहिली आणि ती पाडायची की ठेवायची, हा वाद कितीतरी वर्षे चालला आहे. नौदलाचे बरोबर, कारण स्फोटके नकाशा पाहून फुटत नाहीत. घरवाल्यांचेही बरोबर, कारण आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या घराखालची जमीन धोक्यातली आहे, हे त्यांना सातबाऱ्यावर वाचायला मिळायला हवे होते. बंधन असेल तर ते इतर हक्कांच्या रकान्यात आले पाहिजे. कर्जाचा बोजा तिथे चढतो, मग जिवाचा का नाही?

पुलगावला आणखी एक घटना घडली, ती शस्त्रसाठ्याच्या दुसऱ्या टोकाची. २० नोव्हेंबर २०१८. सोनेगाव (आबाजी)जवळच्या मैदानावर जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेला जुना दारूगोळा नष्ट करायचे काम चालू होते. गाडीतून पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण मेले, त्यांत शेजारच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. अशा मैदानात खड्डा खणतात, त्यात निकामी माल ठेवतात, वर रेतीची पोती रचतात आणि उडवतात. नंतर उरते ते धातूचे भंगार. शेतीत हाताला काम नसलेला माणूस पेट्या उचलायच्या रोजीसाठी आणि त्या भंगारासाठी तिथे जातो. जुना माल वापरात नव्हता आणि तो नष्टच करायचा होता. त्यात शत्रूपासून लपवण्यासारखे फारसे उरलेले नव्हते. पण पेटी उचलणाऱ्या मजुराला तिच्यात काय आहे आणि ती कशी धरायची, हे सांगायलाच हवे होते.

धोका स्फोटाबरोबर संपत नाही. टीएनटी मातीला चिकटून बसते, पण आरडीएक्स पाण्यात हळूहळू विरघळते आणि जमिनीतून खाली उतरते. अमेरिकेत केप कॉडच्या लष्करी तळाखालच्या भूजलात ते सापडले. १९९७मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्याच्या कायद्याखाली त्या तळावरचा खऱ्या दारूगोळ्याचा सराव थांबवायला लावला. आपल्या काळ्या जमिनीखाली भेगाळलेला बेसाल्ट आहे आणि बहुतेक गावे विहिरी-बोअरवर जगतात. डेपो, आयुध निर्माणी किंवा गोळीबाराच्या मैदानाशेजारच्या विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा तपासायचे आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, यात कोणते लष्करी गुपित फुटते?

विदर्भात हा विषय एका डेपोपुरता नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तिथे २४ जानेवारी २०२५च्या स्फोटात आठ कामगार गेले. नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ला नऊ जण गेले. शिवाय भद्रावती आणि अंबाझरी इथल्या आयुध निर्माणी आहेत. देशाच्या दारूगोळ्याचा मोठा भार आपला प्रदेश वाहतो, आणि तो भार आपण नाकारत नाही. नाकारूही नये. सैन्याला शस्त्रे लागतात, ती कुठेतरी ठेवावीच लागतात, आणि देशाच्या मध्यभागी ती ठेवणे शहाणपणाचे आहे.

म्हणून विचारायचे ते नेमके विचारावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(क)मध्ये सुरक्षेची माहिती रोखता येते, पण ८(२)मध्ये लोकहित मोठे असेल तर ती देता येते. कलम १०मध्ये गुप्त भाग झाकून उरलेला भाग देण्याची तरतूद आहे. कलम २२नुसार हा कायदा १९२३च्या शासकीय गुपिते कायद्यावर वरचढ ठरतो. सैन्यदल या कायद्यातून वगळलेले नाही. तेव्हा अर्जात साठा किती, असे विचारू नका. ते मिळणार नाही आणि मिळू नये. विचारा की आमच्या गावासाठी १९०३च्या कायद्याखाली घोषणा झाली आहे का आणि तिचा नकाशा कुठे पाहायला मिळेल. विचारा की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात या डेपोसाठी गाव रिकामे करण्याचे मार्ग आणि ठिकाणे कोणती आहेत, त्याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली. विचारा की विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली असेल तर निकाल काय आला. पहिला आणि दुसरा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला तर अर्जामागे अख्खे गाव उभे आहे हे दिसते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या.